जे-१ वरचं ट्रेनिंग संपत आलं: कॉनराड, एचएचएस, व्हीए की दोन वर्षं घरी?

अमेरिकेत जे-१ वर, म्हणजे ट्रेनिंगपुरत्या एक्सचेंज व्हिसावर, रेसिडेन्सी (डॉक्टरकीचं पुढचं ट्रेनिंग) करणाऱ्या आपल्या मुलामुलींना साधारण दुसऱ्या वर्षी एकच घोर लागतो, की ट्रेनिंग संपल्यावर इथे राहायचं कसं. आपल्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे देशाला अशा डॉक्टरांची गरज आहे असं पत्र, जोडून जे-१ घेतला तेव्हाच दोन वर्षं मायदेशी परतायची अट आपण मान्य केलेली असते, आणि ती माफ झाल्याशिवाय, म्हणजे वेव्हर मिळाल्याशिवाय, ना एच-१बी हा नोकरीचा व्हिसा ना ग्रीन कार्ड. इतर जे-१ वाल्यांना सरकारचं ना-हरकत पत्र आणून सुटता येतं, ट्रेनिंगवाल्या डॉक्टरांना तो रस्ता अमेरिकेच्या कायद्यानेच बंद आहे, तेव्हा त्यामागे महिने घालवू नका. मी स्वतः इंटर्नल मेडिसिन करून कॉनराडवर तीन वर्षं काढलीत, ज्युनियर्सचे फोन येतात, म्हणून एकदा नीट लिहितोय.

बहुतेकांचा गाडा कॉनराडवरच चालतो. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाची ही वेव्हरची योजना १९९४ ची, आधी प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ पासून ३० आहेत. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ, आठवड्याला ४० तास, एच-१बी वर काम. स्पेशालिस्टही चालतात, पण किती घ्यायचे ते प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. ३० पैकी १० जागा फ्लेक्स, म्हणजे हॉस्पिटल टंचाईच्या भागात नसलं तरी पेशंट तिथून येतात एवढं दाखवलं की पुरतं, आणि शहराजवळ राहायची सगळी धडपड या दहांसाठी असते. नवं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, टेक्सससारख्या राज्यात गर्दी, वायोमिंगसारख्या राज्यात जागा उरतात. म्हणून जूनमध्ये ट्रेनिंग संपणार असेल तर आदल्या उन्हाळ्यातच कॉन्ट्रॅक्ट हातात हवं, कारण अर्ज आधी राज्याकडे, मग परराष्ट्र खात्याकडे, मग यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे जातो आणि एच-१बी त्यानंतर.

एचएचएसचा, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा, वेव्हर फारसा कोणी विचारत नाही आणि मला ते चुकीचं वाटतं. फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल, पीडियाट्रिक्स, ऑब्स-गायनी किंवा सायकियाट्री केलं असेल आणि ओपीडी करायची तयारी असेल तर इथे जागांची मर्यादा नाही, ऑक्टोबरची शर्यत नाही, वर्षभर अर्ज घेतात. मुख्य अटी म्हणजे त्या जागेचा डॉक्टर-टंचाईचा सरकारी स्कोअर ७ किंवा वर हवा आणि रेसिडेन्सी संपून १२ महिन्यांपेक्षा जास्त झालेले नकोत, त्यामुळे फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं सुपरस्पेशालिटी ट्रेनिंग, केली की हा दरवाजा बंद. हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त हॉस्पिटलात भरती पेशंट बघणारा डॉक्टर, व्हायचं असेल तरी कॉनराडच बघा.

व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांचं, गणित वेगळं. टंचाईच्या भागाची अट नाही, मोठ्या शहरातही मिळू शकतं, तीन वर्षं मात्र तिथेही आहेतच. पण अमेरिकन डॉक्टर मिळत नाही हे हॉस्पिटलला दाखवावं लागतं, म्हणून तुम्ही मागून मिळत नाही, त्यांना तुमची गरज असावी लागते. वेव्हरची शिफारस करणाऱ्या आणखी दोन सरकारी संस्था आहेत: अ‍ॅपलेशियन कमिशन १३ राज्यांच्या डोंगरी पट्ट्यात प्रायमरी केअरवाल्यांसाठी, डेल्टा ऑथॉरिटी मिसिसिपीच्या आसपासच्या ८ राज्यांत, तिथे स्पेशालिस्टही घेतात. नोकरी त्या पट्ट्यात मिळाली आणि राज्याच्या ३० जागा भरल्या असतील तर हे दोन्ही लक्षात ठेवा.

हार्डशिपचा, म्हणजे घरच्यांचे हाल होतील या कारणावर वेव्हर मागायचा, अर्ज फक्त जोडीदार किंवा मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं असेल तर. रेसिडेन्सीत बाळ इथे झालं की बऱ्याच जणांना वाटतं काम झालं, पण बाळ भारतात आलं तरी आणि तुमच्याशिवाय इथे राहिलं तरी, दोन्हीकडे असामान्य हाल होतील हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं, नुसत्या ताटातुटीवर भागत नाही. मंजूर झालं तर तीन वर्षांची सेवा नाही. खरा आजार, खरी कागदपत्रं असतील तरच यात पडा.

आणि दोन वर्षं घरी? ती सलग नसली तरी चालतात, पण भारतातच मोजली जातात, मध्येच कॅनडात काम केलं तर ते धरत नाहीत. आईवडील थकलेत, पुण्या-नाशकात प्रॅक्टिसचा विचार आहे, तर यात कमीपणा काहीच नाही. पण परत यायचं असेल तर सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून नव्याने येणाऱ्या एच-१बी वर एक लाख डॉलर फी लागलीय, ती भरणारा एम्प्लॉयर शोधून ठेवा. इथल्या इथे जे-१ चा एच-१बी करून घेणाऱ्यांना ती लागत नाही, फक्त मंजुरी हातात येईपर्यंत भारतात चक्कर मारू नका.

आता माझं मत. तीन वर्षं जवळपास सगळीकडे सारखीच आहेत, म्हणून वेव्हरच्या नावापेक्षा कॉन्ट्रॅक्ट बघा. माझ्या कॉन्ट्रॅक्टवर एकाच क्लिनिकचा पत्ता होता. सहाव्या महिन्यात मॅनेजर म्हणाला, आठवड्यातले दोन दिवस चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या क्लिनिकला जा, तिथला डॉक्टर सोडून गेलाय. वकिलाला फोन केला तर तो म्हणाला अजिबात जाऊ नकोस, तो पत्ता ना राज्याच्या पत्रात आहे ना एच-१बी च्या अर्जात. कागद दुरुस्त होईपर्यंत सहा आठवडे रोज सकाळी त्या माणसाला नाही म्हणावं लागत होतं आणि रात्री झोप येत नव्हती, कारण तीन वर्षं पूर्ण केली नाहीत तर दोन वर्षांची अट पुन्हा मानगुटीवर बसते. तेव्हा कामाचा प्रत्येक पत्ता आधीच लिहून घ्या आणि वकील तुमचा स्वतःचा ठेवा, हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचाच असतो.

दुसरी गोष्ट घरातली. जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, बायको किंवा नवरा वर्क परमिट काढून नोकरी करू शकतो, तुम्ही एच-१बी वर गेलात की ते एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर येतात आणि तुमचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा पहिला अर्ज, मंजूर होईपर्यंत ती नोकरी थांबते. माझी बायको चार वर्षांची नोकरी सोडून त्या गावात आली, शनिवारी दोन तास गाडी चालवून तूरडाळ नि कढीपत्ता आणायचा, बाकी आठवडाभर ती आणि चार भिंती. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून टंचाईच्या भागात पाच वर्षं काम करून मिळणाऱ्या डॉक्टरांच्या नॅशनल इंटरेस्ट वेव्हरचा (हा ग्रीन कार्डसाठीचा, जे-१ च्या वेव्हरहून वेगळा) आय-१४० नोकरीच्या सुरुवातीलाच टाका. कॉनराडची तीन वर्षं त्या पाचात धरतात, जे-१ ची नाही. ग्रीन कार्डला भारतीयांची रांग फार मोठी आहे, पण रांगेतली तुमची जागा लवकर धरली जाते आणि घरातल्या माणसाला वर्क परमिट मिळतं. नोकरीच्या बोलणीत पगाराच्या आधी हे विचारा, आणि त्या फोनवर जोडीदाराला बसवा.