एंडोमेट्रिओसिस: दर महिन्याचं इंजेक्शन की रोजची गोळी?

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, आणि त्यापायी पोटात दुखणं. त्यासाठी लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन गेली, चॉकलेट सिस्ट (अंडाशयावरची जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढली, आणि आता डॉक्टरांनी तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवलेत: ल्युप्रोलाइडचं डेपो इंजेक्शन किंवा डायनोजेस्टची गोळी. आमच्या बडोद्यात हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत हा विषय हल्ली दबक्या आवाजात का होईना, निघतो. मी दोन्ही औषधं घेतली आहेत हे कळलं की कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, ‘मग काय घेऊ गं?’ त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

दुखणं थांबण्याच्या बाबतीत मला तरी दोन्हींत फरक जाणवला नाही. २४ आठवड्यांच्या एका अभ्यासात ही दोन औषधं समोरासमोर ठेवली होती, तिथेही वेदना जवळपास सारख्याच कमी झाल्या. त्यामुळे निवड दुखण्यावर होत नाही, बाकीच्या गोष्टींवर होते.

इंजेक्शनचं मोठं सुख म्हणजे एकदा टोचून घेतलं की चार आठवडे बघायला नको. पाळी बहुधा पूर्ण थांबते. मात्र इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा हुकूम जिथून सुटतो, त्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला हे औषध आधी डिवचतं आणि मगच गप्प करतं, म्हणून पहिल्या पंधरवड्यात दुखणं उलट वाढू शकतं. घरात लग्न किंवा मुलांच्या परीक्षा असतील तर पहिली तारीख जरा मागेपुढे करून घ्या.

एवढं मी सोसलं असतं. माझा निर्णय झाला तो गरम वाफांमुळे. डॉक्टर ‘हॉट फ्लॅशेस होतील’ म्हणतात आणि आपण मान डोलावतो. पण बडोद्याचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे, दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर आणि रात्री बारापर्यंत तापलेल्या भिंती. त्यात मानेमागून एक झळ उठायची, कानांपर्यंत चढायची, छातीवर उतरायची. गाऊन पाठीला चिकटायचा, आणि पाच मिनिटांत त्याच घामाने पंख्याखाली हुडहुडी भरायची. उठून कपडे बदलायचे, उशी उलटी करायची, जरा डोळा लागला की पुन्हा तेच. दुखणं थांबलं होतं, पण झोपही गेली होती. सकाळी मुलीची वेणी घालताना तिने जरा मान हलवली तरी मी तिच्यावर खेकसायचे. पोटदुखीच्या दिवसांतही मी तिच्याशी अशी वागले नव्हते.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. इंजेक्शनबरोबर थोड्या मात्रेत हार्मोनची गोळी देतात, ॲड-बॅक म्हणतात तिला. त्याने वाफा कमी होतात आणि हाडांची झीजही आटोक्यात राहते. नुसतं इंजेक्शन साधारण सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत, ते हाडांच्याच काळजीने. मला ॲड-बॅकने बराच आराम पडला, पण झोप पुरती परतली नाही. शिवाय मनात यायचं, रोज गोळी नको म्हणून तर इंजेक्शन घेतलं, आणि आता इंजेक्शनही आहे आणि रोजची गोळीही आहे.

डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम, ठरलेल्या वेळी, खंड न पाडता. तिने इस्ट्रोजेन खाली येतं पण तळ गाठत नाही, म्हणून वाफांचा त्रास एकंदरीत कमी. त्रास आहे तो स्पॉटिंगचा. सुरुवातीचे काही महिने कधी डाग दिसेल याचा नेम नसतो. आमच्या घरी देवघराचे नियम अजून पाळतात, त्यामुळे ऐन गौरींच्या दिवशी डाग दिसला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. सासूबाईंनी विचारलं, सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे औषधाने होतंय ना? मग चल, पुरण वाटायचंय.’ प्रत्येक घरात असं होईल असं नाही. ज्यांना या दिवसांत घरी बाजूला बसावं लागतं, त्यांना हे स्पॉटिंग फार जाचेल, त्यांनी इंजेक्शनचा विचार जरूर करावा. माझं स्पॉटिंग हळूहळू कमी होत थांबलं. नवरात्रात मी पांढरी चणियाचोळी घालून गरब्याला गेले, हे आधीच्या कित्येक वर्षांत जमलं नव्हतं.

डायनोजेस्टने काहींचं मन खचतं. आधी नैराश्याचे उपचार झाले असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नका. मूल हवं असेल तर यातलं कुठलंच औषध चालू ठेवता येत नाही, तेव्हा हा प्रश्नच वेगळ्या डॉक्टरांपुढे, वेगळ्या क्रमाने मांडावा लागतो.

आता नव्या गोळ्या. एलागोलिक्सला अमेरिकेत २०१८ मध्ये एंडोमेट्रिओसिससाठी मान्यता मिळाली. रेलुगोलिक्स, इस्ट्राडिओल आणि नॉरएथिस्टेरॉन एकत्र असलेल्या गोळीला २०२२ मध्ये. या पिट्युटरीला न डिवचता थेट अडवतात, म्हणून सुरुवातीची ती वाढ नाही, आणि दुसऱ्या गोळीत ॲड-बॅक आतच घातलेलं आहे. माझ्या त्या मे महिन्यात कुणी ही गोळी पुढे केली असती तर मी नक्की घेतली असती. तरी तिथेही २४ महिन्यांची मर्यादा आहे, आणि मला चाळिशी ओलांडेपर्यंत चालेल असं औषध हवं होतं. डायनोजेस्ट डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं घेता येतं, मी अजून तेच घेते आहे.

रेलुगोलिक्सची एकत्र गोळी सुचवली गेली तर एक लक्षात ठेवा, तिच्यात इस्ट्रोजेन आहे. अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, पस्तिशीनंतर तंबाखू ओढणं चालू आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा.