हिरडा गोळा करावा की मधाच्या पेट्या ठेवाव्या?

आमच्या जावळी-महाबळेश्वर पट्ट्यात शेती म्हणजे नाचणी, वरी आणि जमलं तर भात, त्यामुळे वरचा पैसा जंगलातनंच काढावा लागतो.

हिरड्याला भांडवल शून्य. पोतं घ्यायचं न् रानात जायचं. कवळा बाळहिरडा वाळवला की भाव चांगला, पिकून पडलेल्याला फारसं कोण विचारत नाही. पण वाळवताना वळवाने गाठलं की काळा पडतो, बुरशी धरते, मग व्यापारी दाणा हातात चोळून म्हणणार "माल हलकाय" आणि रेट पाडणार. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज (लाकूड सोडून जंगलातला बाकी माल) गोळा करून विकायचा हक्क दिलाय खरा, पण बाजारभाव काय कायद्यात लिहिलेला नसतो ना!

पेट्यांचं गणित वेगळं. खादी ग्रामोद्योगच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान मिळतं, तरी उरलेले स्वतःच घालावे लागतात. पेटीत पाळायची सातेरी माशी जांभूळ, हिरडा, गेळा सगळ्या झाडांवर जाते, पावसाळ्यात मात्र फुलं नसतात मग साखरेचा पाक पाजा, पोळ्याचं मेण खाणारा मेणकिडा बघा, नायतर वसाहत पेटी सोडून जाते. मध बरणीत टिकतो, म्हणून घाईने विकावा लागत नाही, हे मला लय महत्त्वाचं वाटतं. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून घोषित केलं ते उगाच नाही.

हातात पैसा नसेल तर हिरडाच, थोडा जमला की त्यातनं दोन पेट्या घ्या. हिरड्याची झाडं मात्र कुणाला तोडायला देऊ नका, माशीला पण तीच लागतात.