बैठकीसाठी सूटकेस रेकॉर्ड प्लेअर: लोर्नाची ईपी लावा, केसरबाईंची ७८ थांबवा

झाकण उघडलं की थाळी, प्लॅस्टिकचा बाहू, दोन छोटे स्पीकर आणि मागच्या बाजूला लाल-पांढरी सॉकेटं. सहा ते दहा हजारांत मिळणारा तीन वेगांचा (मिनिटाला ३३ १/३, ४५ आणि ७८ फेऱ्या) सूटकेस रेकॉर्ड प्लेअर म्हणजे एवढंच. नावं वेगळी, रेक्झिनचे रंग वेगळे, पण आतला सांगाडा बहुतेकांत सारखाच असतो. म्हणून इथे ब्रँड बाजूला ठेवून प्रकाराचाच विचार केला आहे. कसोटीही एकच लावली आहे. दहा-बारा श्रोते आपापल्या आवडीचं घेऊन जमतात: कोणाकडे आजोबांच्या पेटाऱ्यातली लाखेची तबकडी, म्हणजे ७८, कोणाकडे कोंकणी ईपी (थोड्या गाण्यांची छोटी तबकडी), कोणाकडे अभिषेकीबुवांची एलपी (मोठी, जास्त वेळ वाजणारी), तर कोणाच्या मोबाइलमध्ये कालपरवाचं गाणं. गोव्यातल्या फोंड्याच्या एखाद्या घराच्या वसरीवरची अशी बैठक हे मशीन निभावेल का?

एलपी आणि ईपी निभावेल. ७८ निभावणार नाही, निदान आहे त्या सुईवर नाही. डब्यावर ‘७८’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ थाळी त्या वेगाने फिरते इतकाच.

घोळ सुईच्या टोकात आहे. एलपीची खाच बारीक, तिच्यासाठी टोक सुमारे ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉनचं. लाखेच्या ७८ची खाच रुंद, तिला ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉनचं टोक हवं. मशीनसोबत येते ती पहिली. ती ७८च्या खाचेत भिंतींना न टेकता तळाला जाऊन बसते, आणि तळाला असतो ऐंशी-नव्वद वर्षांचा गाळ: धूळ, जुन्या पोलादी पिनांनी खरवडलेला भुगा. मग गाणं मागे पडतं आणि खरखर पुढे येते. सुई मध्येच घसरते, आणि तिचं टोकही लवकर झिजतं. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचं नाट्यपद असो, केरीच्या केसरबाई केरकरांचा राग असो की कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांचा, हे आवाज ७८वरच ऐकायचे असतील तर याच काडतुसात (बाहूच्या टोकाचा, सुई बसते तो भाग) बसणारी ३ मिलची सुई वेगळी मागवा. मागवताना काडतुसाचा नंबर पाहून घ्या; नुसती ‘लाल सुई’ मागितली तर पुन्हा ०.७चीच हातात पडते. बदलणं सोपं आहे. बाहू एका हाताने धरायचा, लाल टोपी पुढून खाली ओढायची, नवी मागून अडकवून वर दाबायची. टक् असा आवाज आला पाहिजे.

सोबतची सुई बहुधा सफायरची असते आणि पन्नासेक तासांत झिजते. हिऱ्याची त्याच्या कितीतरी पट टिकते, म्हणून पहिला खर्च तिच्यावर करा.

आता वजन. चांगल्या प्लेअरची सुई खाचेवर दीड ते अडीच ग्रॅम भार टाकते. या सिरॅमिक काडतुसाचा भार पाच ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो कमीजास्त करायची सोय नसते. तबकडी एका फेरीत खराब होते असं नाही, पण जी एलपी दुसरी मिळणार नाही ती इथे रोज लावू नये. गाणं उडायला लागलं की सुईच्या डोक्यावर नाणं ठेवायचा घरगुती उपाय तर पूर्ण बंद करा. २०११ नंतरचं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे, म्हणजे भार जवळजवळ दुप्पट होतो. उडण्याची कारणं या क्रमाने तपासा: सुईच्या टोकाला चिकटलेला कापूस, खाचेतली घाण, मशीनचा कल, आणि मशीनचाच स्वतःचा आवाज.

हे शेवटचं कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्पीकर आणि सुई एकाच खोक्यात असल्यामुळे आवाज वाढवला की खोकं थरथरतं, ती थरथर सुईत शिरते आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते. तबल्याच्या बायाला किंवा घुमटाला (गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याला) घूं असा शेपटा लागला तर समजावं की हेच चाललंय. उपाय म्हणजे अंगच्या स्पीकरचा आवाज बंद करून मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांतून वायर काढायची आणि बाहेरच्या स्पीकरना किंवा अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची. अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये जोडा, ‘फोनो’मध्ये नको. या मशीनमध्ये प्रीअ‍ॅम्प (सुईचा बारीक आवाज वाढवणारा भाग) आधीच असतो, ‘फोनो’त आवाज दुसऱ्यांदा वाढून फाटतो. मशीन जाड लाकडी पाटावर आणि पाटाखाली चार घड्यांचं गोणपाट, एवढ्याने लादीवर काम भागतं. माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर कोणी चालत गेलं तरी सुई उडी मारते. तिथे भिंतीतलं फडताळ बरं.

वेग मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. लेबलच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवा आणि तबकडी वाजत असताना फेऱ्या मोजा. ३३ १/३ला तीन मिनिटांत बरोबर १०० व्हायला हव्यात. १०३ झाल्या तर वेग तीन टक्के जास्त, म्हणजे सूर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या (काळ्या धरून) अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढलेला. एरवी कोणाच्या ध्यानात येणार नाही, पण बैठकीत एखादा पेटीवाला असला की तो पहिल्या मिनिटाला कपाळाला आठी घालतो. ४५ला एका मिनिटात ४५, ७८ला अर्ध्या मिनिटात ३९. मोबाइल थाळीवर ठेवून वेग सांगणारी अ‍ॅप्स इथे फसवतात, कारण थाळी हलकी आणि मोबाइलच्या वजनाने तीच मंदावते. बऱ्याच मशीनांत मोटारच्या बुडाला बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. घड्याळजीच्या पेचकसाने केसभर फिरवा आणि परत मोजा. १९२५च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांचा वेग मुळात ७८ असेलच असं नाही, तिथे कानावरच भरवसा ठेवायचा.

वेगाचीच आणखी एक गंमत. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती सोनेरी तबकडी १६ २/३ वेगाची आहे. या खोक्याला तो चौथा वेगच नाही!

संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना या जोडीच्या किंवा गायक आल्फ्रेड रोझच्या कोंकणी ईपींना मात्र हे मशीन छान लागू पडतं. तबकडी लहान, छोट्या थाळीवर नीट बसते, आणि गायकी-ट्रम्पेट पुढे येणारा तो आवाज लहान स्पीकरलाही झेपतो. ७ इंची दिसली की लगेच ४५ लावू नका, त्या आकारात ३३च्या तबकड्याही आपल्याकडे निघाल्या; लेबल वाचा. १२ इंची एलपी थाळीबाहेर लोंबते, थोडी वाकलेली असली की सुई जहाजासारखी वरखाली होते. ऑटो-स्टॉपची कळ बंद ठेवा. लेबलजवळपर्यंत गाणं गेलेलं असेल तर हे मशीन शेवटचं आवर्तन पुरं व्हायच्या आत थांबतं, आणि भैरवी अशी तुटणं कोणाला आवडणार नाही.

ब्लूटूथबद्दल दुकानात अर्धंच सांगतात. बहुतेक मशीनांत ते आत येणारं असतं: मोबाइलमधलं गाणं या खोक्यातून वाजतं. तबकडीचा आवाज बाहेरच्या ब्लूटूथ स्पीकरला पाठवायचा असेल तर ‘ट्रान्समिट’ आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नाहीतर वायर आहेच.

आता क्रम. काळानुसार लावू नका, सुईनुसार लावा. मध्येमध्ये सुई बदलत बसलात तर बैठक विस्कटते. ७८ सगळ्या आधी एकत्र लावा. १० इंचीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, सहा तबकड्यांची एकेक बाजू अर्ध्या तासात होते. मग सुई बदलून ईपी, एलपी. मोबाइल सर्वांत शेवटी. आजची गाणी इतकी दाबून भरलेली असतात की आवाजाची खुंटी तिथेच असली तरी ती दुप्पट मोठी वाटतात, आणि त्यांच्यानंतर कान ७८ला जुळत नाही. खुंटीवर पेन्सिलने तीन खुणा केल्या की दर वेळी चाचपडावं लागत नाही. ७८ वाजवताना आणखी एक करा: ‘मोनो’ची कळ असलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर ती दाबा. जुनं ध्वनिमुद्रण आडव्या हालचालीत आहे, सुईची उभी थरथर मोनोत आपसात कटते आणि खरखर ऐकू येण्याइतकी उतरते. एवढ्याशा कळीने जो फरक पडतो तो महागड्या स्पीकरनेही पडत नाही.

पावसाळ्याचं निराळं. जून ते सप्टेंबर तबकड्यांवर पांढरी बुरशी धरते. व्हिनाइल डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा, उभी करून वाळवा. लाखेच्या तबकडीलाही हेच, फक्त पाणी कमी आणि लगेच टिपून घ्यायचं. स्पिरिटचा थेंबही तिला लावू नका, लाख स्पिरिटात विरघळते. साठवताना दोन्ही उभ्या. आडव्या चळतीत खालची ७८ तडकते. बैठकीला नेता-आणताना व्हिनाइल गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. मेमधल्या उन्हात ती पापडासारखी वळते, आणि वळलेली एलपी या मशीनवर तर लागतच नाही.

घ्यावं का? ईपी-एलपीच असतील आणि महिन्यातून एखादी बैठक असेल तर घ्या, हिऱ्याची सुई आणि बाहेरचे स्पीकर धरून हिशेब करा. घरात ७८चा ढीग असेल तर या किमतीत भर घालून भार बदलता येणारा प्लेअर घ्यावा, पण त्यालाही ७८चा वेग आहे की नाही ते आधी बघा. बऱ्याच चांगल्या प्लेअरना तो नसतो.