अस्सल 7075, पण मऊ: 79,866 रुपयांचा चुना

पक्क्या बिलाचे 72,216 रुपये आणि बिलाशिवाय रोख 7,650. एकूण 79,866. त्यात पदरात पडलं 85 किलो मऊ ॲल्युमिनियम, 7075 जातीचं, जे नीट कडक केलं तरच मजबूत होतं. माल बनावट नव्हता, हीच तर गोम आहे. बनावट माल ओळखायला आपण सगळे शिकलोय. अस्सल माल दाखवून केलेली लबाडी कुणाच्या लक्षात येत नाही.

फवारणीच्या ड्रोनचे हात जिथे दुमडतात, तिथल्या क्लॅम्पसाठी 25 मिमी प्लेट हवी होती. कपाशीच्या फवारण्या तोंडावर आल्या की टी-651, म्हणजे मिलमधूनच कडक होऊन आलेली प्लेट हमखास संपलेली असते. व्यापारी म्हणाला, "ओ कंडिशनमधी आहे ना भाऊ, घेऊन टाका. कडक करून देतो, किलोमागं नव्वद." ओ म्हणजे कडक न केलेली, मऊ अवस्था. प्लेटचा दर 720 रुपये किलो, वर 18 टक्के जीएसटी. समोर गन, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणारं हातातलं यंत्र, लावून दाखवली. जस्त साडेपाच, मॅग्नेशियम अडीच, तांबं दीड टक्का. सगळं मापात.

पण गन फक्त रसायन वाचते. तीच 7075 ओ अवस्थेत 228 मेगापास्कलला तुटते आणि टी-6 मध्ये, म्हणजे पूर्ण कडक केल्यावर, 570 च्या घरात. कायमची वाकण्याची मर्यादा तर शंभरावरून पाचशेवर जाते. वजन, रंग, ताठपणा सगळं सारखंच. फरक असतो तो आत जस्त-मॅग्नेशियमचे कण किती बारीक बसलेत त्याचा, आणि ते कुठल्याच गनला दिसत नाहीत.

आता खरा संताप येतो ती गोष्ट. टी-6 करायचं तर प्लेट आधी भट्टीत 465 ते 475 अंशांवर तापत ठेवावी लागते, 25 मिमीला निदान दीड तास. 480 च्या वर गेली की कणांच्या सीमांवर वितळायला लागते, मग ती प्लेट भंगारच. भट्टीतून निघाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत पाण्यात. पाणी 40 अंशांच्या खाली राहायला हवं (आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या टाकीचं पाणी किती तापतं ते सांगायला नको). मग 120 अंशांवर 24 तास. चोवीस! संध्याकाळी दिलेला माल दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी परत आला, तेव्हाच विचारायला हवं होतं की हे चोवीस तास गेले कुठे.

त्याहून वाईट म्हणजे मार्कर. प्लेटांवर निळ्या मार्करने टाकलेले आमचे नंबर जसेच्या तसे होते. 470 अंशांच्या भट्टीत शाई टिकते का? जळून जाते. पाण्यात बुडवलेली प्लेट थोडी तरी वाकडी होते, वर पाण्याचे डाग येतात. ह्या तर आरशासारख्या सपाट. पण प्लेटा कोमट होत्या. हात लावला, कोमट लागल्या, म्हणजे भट्टीतून आल्या असं कुणालाही वाटेल. पावडर कोटिंगच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवल्या असतील, दुसरं काय! ओ अवस्थेतल्या प्लेटला नुसत्या 200 अंशांनी काहीही होत नाही.

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं टी-651. हेही धादांत खोटं. 651 म्हणजे पाण्यात बुडवल्यानंतर प्लेट दीड ते तीन टक्के ताणून आतला ताण काढलेली. 25 मिमी प्लेट ताणायचं यंत्र मिलमध्ये असतं, जॉबवर्कच्या शेडमध्ये नाही. ओ मधून बाहेर कडक करून घेतलेल्या मालाला टी-62 म्हणतात. हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाईक दारात उभं, हंगाम डोक्यावर, अशा वेळी सर्टिफिकेटची अक्षरं कोण लावत बसतो?

क्लॅम्पची बोल्टाची भोकं पहिल्याच आठवड्यात लांबट झाली. गिऱ्हाइकांना 24,500 रुपये परत केले ते वेगळेच. ब्रिनेल कडकपणा (धातूत गोळी दाबून मोजतात तो) काढला: 61, 63, 60. यायला हवा होता 150 च्या आसपास. त्या रिपोर्टचे 1,180.

मशीनवरही इशारा मिळाला होता. ओ मधला माल ड्रिलला चिकटतो, लांब दोरीसारखी कात निघते, आट्याची कड ओरबाडते. टी-6 ची कात तुटक पडते आणि कापलेला भाग चकचकीत दिसतो. पोरानं "भाऊ, गुंडाळते हे" म्हटलं होतं. कूलंट वाढव म्हणालो, कारण तसं कूलंट कमी पडल्यानेही होतं.

पोलीस ठाण्यात रिपोर्ट ठेवला तर उत्तर काय? "ॲल्युमिनियम देल्लं ना त्यानं? मंग फसवलं कोठं?" ब्रिनेल म्हणजे काय हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 समोर धरलं तर म्हणे हे दिवाणी प्रकरण. 1930 वर फोन केला तर ते ऑनलाइन फसवणुकीसाठी. जीएसटी कार्यालय म्हणतं, कर भरलाय, आमचा संबंध संपला. ग्राहक आयोगाच्या दारातच ऐकवलं की व्यापारासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, हे त्यांना आपण सांगायचं! आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, 7,650 चं बिल कुठाय? कास्तकारापासून कारखानदारापर्यंत इथं जॉबवर्क कच्च्यातच चालतं, हे त्या टेबलावरच्यांना ठाऊक नाही होय?

हीट ट्रीटमेंटचं बिल वेगळं आणि पक्कं घ्या. भट्टीचा तापमान-वेळेचा चार्ट मागा. नाही म्हटलं की उठा. प्रत्येक लॉटसोबत त्याच प्लेटचा तुकडा भट्टीत घाला आणि त्याचा कडकपणा बाहेर नॅबल मान्यतेच्या प्रयोगशाळेत काढा. मुद्दाम मार्करने खूण करून द्या, ती परत दिसली तर पैसे देऊ नका. 7075 च्या जागी एचई-30 (कमी ताकदीचं दुसरं ॲल्युमिनियम) खपवतात, ते ओळखायला कॉस्टिक सोड्याचा थेंब पुरतो, 7075 काळी पडते, एचई-30 जवळपास पांढरीच राहते. पण टेम्पर, म्हणजे माल मऊ की कडक, ते त्यानेही कळत नाही. खरी टी-6 हाती आली तर तिला पावडर कोटिंग करू नका, 200 अंशांत ताकद उतरते, ॲनोडायझिंग करा. वेल्डिंग तर नाहीच, तडे जातात.

उरलेल्या प्लेटा फेकायची गरज नाही, रसायन खरं आहे. सगळ्या बाजूंनी दोन-तीन मिमी जास्त ठेवून रफ कापा, नीट टी-62 करून घ्या, मग फिनिशिंग करा. तयार क्लॅम्प मात्र आता कडक करायला टाकू नका. पाण्यात पडताच बोअर वाकडा होतो आणि बेअरिंग बसत नाही.