गिलोटिन वेळेवर पडलं, पण मुंडक्याचा भांग चुकला

मी नाटकांची रंगभूषा करते, सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे चार ट्रिब्यूट बँडांच्या या रात्रीला मी गाणी ऐकायला कमी आणि तोंडं बघायला जास्त गेले होते, हे आधीच सांगून टाकते. भाच्याने नेलं. "मावशी, तुला यातलं सगळं कळेल, फक्त गाणी कळणार नाहीत," असं म्हणाला. गाणीही निम्मी कळली.

एका रात्रीत किस, रॅमस्टाइन, घोस्ट आणि अ‍ॅलिस कूपर. मूळ मंडळी नव्हेत. त्यांची गाणी, कपडे, रंग, चाळे जसेच्या तसे करणारे बँड. नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला नाही त्याचं काही वाटत. एकाने गाजवलेली भूमिका दुसऱ्याने करायची म्हणजे काय, हे मी रोज आरशातून बघते. आणि हा सगळा प्रकारच मुळात वेशांतराचा. पन्नासच्या दशकात अमेरिकन गायक स्क्रीमिन जे हॉकिन्स स्टेजवर शवपेटीतून बाहेर यायचा, हातात काठी आणि काठीवर कवटी. १९६८ मध्ये इंग्रज गायक आर्थर ब्राउन डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालून गायला. हेवी मेटलवाल्यांनी, म्हणजे दणदणीत गिटारांचं रॉक वाजवणाऱ्यांनी, पुढे जे केलं ते या दोघांच्या खांद्यावर बसून.

सुरुवात किसने. खरा किस १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला आणि २ डिसेंबर २०२३ ला तिथल्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला. म्हणजे हे चेहरे आता बघायचे तर अशाच मंडळींचे. राक्षस, तारा, अंतराळवीर आणि मांजर. रेषा सुरेख काढल्या होत्या. राक्षसाच्या डोळ्यांवरचे पंख दोन्ही बाजूंना अगदी सारखे, आणि ते किती अवघड असतं ते ज्याने स्वतःच्या तोंडावर आरशात बघून काढलंय त्यालाच ठाऊक. पण पांढऱ्यावर पावडर नाही! तेलकट पांढरा लावला की तो पावडरीने बसवायचा, जादाची ब्रशने झटकायची आणि मगच काळ्याला हात लावायचा. रंगपटातला हा पहिल्या दिवसाचा धडा. तिसऱ्या गाण्याला ताऱ्याचं एक टोक गालावर उतरलं. पाचव्याला मांजराच्या मिशा गेल्या. तो ड्रम वाजवणारा, म्हणजे घाम सगळ्यात जास्त त्यालाच, आणि नेमका त्याचाच रंग सगळ्यात ओला.

रक्त मात्र मानलं. बेस गिटारच्या एकट्या तुकड्यात राक्षस रक्त ओकतो, ते दृश्य खऱ्या किसच्या राक्षसाने, जीन सिमन्सने, जगभर गाजवलंय. पातळ रक्त दिव्याखाली नुसतं रंगीत पाणी दिसतं. यांचं दाट होतं, हनुवटीवर क्षणभर थांबून मग ओघळणारं. त्यात त्या प्रवेशाला हिरवा उजेड असतो आणि हिरव्यात लाल काळं पडतं. यांच्या दिवेवाल्याने हिरवा थोडा दाबून समोरून पांढरा एकच झोत तोंडावर सोडला, म्हणून लाली टिकली. तो कोण होता माहीत नाही, पण त्या रात्रीचा खरा कलाकार तोच. तोंडातून आग काढणं वगळलं होतं. बरं केलं. ३१ डिसेंबर १९७३ ला तो खेळ करताना खुद्द सिमन्सचेच केस पेटले होते.

आगीवरून रॅमस्टाइन. हे जर्मन लोक आगीशिवाय स्टेजवर येत नाहीत. १९९६ मध्ये बर्लिनला त्यांच्या कार्यक्रमात जळतं नेपथ्य कोसळलं, त्यानंतर गायक टिल लिंडेमान याने आतषबाजीचं रीतसर शिक्षण घेऊन परवाना काढला. आता हे बंद सभागृहात कसं करणार? करूच नये. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात स्टेजवरच्या ठिणग्यांनी भिंतींवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. तेव्हा आग नव्हती याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आगीऐवजी जे ठेवलं त्याची. मागे भलामोठा एलईडी पडदा आणि त्यावर ज्वाळांचं चित्र. दोन गाण्यांत लक्षात येतं की तीच ज्वाळा फिरून फिरून येते आहे. पुढे माणसं जीव तोडून वाजवताहेत आणि मागे जणू कॉम्प्युटर झोपलाय. मी तर जांभई दिली. गाण्याच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आवाजाचंही इथेच सांगते. भाच्याच्या फोनवरचा आकडा या बँडभर १०० डेसिबलच्या खाली आला नाही. अमेरिकेतल्या कामगार आरोग्यवाल्यांचा हिशोब असा, की ८५ डेसिबल ८ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला १५ मिनिटं. कानात बोळे घालून जा. दारावर ठेवले असते तर आयोजकांचं काही गेलं नसतं.

पण याच बँडने शेवटी एक गोष्ट अशी केली की जांभई परत घ्यावी लागली. रॅमस्टाइनचा एक ठरलेला प्रवेश आहे. कीबोर्डवाल्याला मोठ्या काहिलीत बसवायचं आणि गायकाने त्याला ज्वाळा सोडून शिजवायचं. इथे पडदा बंद झाला, पूर्ण काळोख, आणि काहिलीखाली पंखा, लाल-नारिंगी दिवे, वर फडफडणारं पातळ रेशीम. बस. रंगभूमीवरची सगळ्यात जुनी आग. कीबोर्डवाला आतून डोकं वर काढतोय, परत दडतोय, आणि गायक अजिबात हसत नाहीये. तो हसला असता तर संपलं असतं. मला सांगा, हेच करता येत होतं तर पाऊण तास तो पडदा कशाला?

घोस्टबद्दल मला आधी काडीची माहिती नव्हती. स्वीडनमधल्या लिंकोपिंगचा बँड, गायक टोबियास फोर्ज, पण स्टेजवर तो 'पापा', उलट्या धर्माचा धर्मगुरू. वादक सगळे मुखवट्यात, त्यांना नावंच नाहीत. फोर्जचं नावही २०१७ पर्यंत गुपित होतं. जुन्या साथीदारांनी त्याच्यावर खटला भरला तेव्हा ते उघड झालं. भाचा हे सगळं मला कानात ओरडून सांगत होता.

मुखवटा घातला की नट अर्धा गेला असं आपण म्हणतो. चेहरा गेला की मान, खांदे आणि मनगटं बोलावी लागतात, आणि ती बोलतात का हे पहिल्या दहा पावलांत कळतं. या पोरांची बोलत होती. डावीकडचा गिटारवाला नुसती मान कलती करून उजवीकडच्याशी भांडत होता आणि अख्ख्या सभागृहाला ते भांडण समजत होतं. पापा तर सावकाश चालला. मेटलच्या कार्यक्रमात सावकाश चालणं! आधीच्या दोन बँडांनी स्टेज तुडवून काढलं होतं, आणि हा आला, उभा राहिला, हातमोज्यातलं एक बोट उचललं. समोर वर झालेले फोन बघून तेच बोट त्याने नकारार्थी हलवलं. निम्मे फोन खाली गेले. खऱ्या घोस्टने २०२५ च्या दौऱ्यात लोकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत घालायला लावले. याला पिशवी लागली नाही.

रंगभूषाही चारांत उजवी. पापाच्या तोंडावरचा कवटीचा रंग नुसता काळा-पांढरा नव्हता. गालाच्या खळग्यात करडा, त्यात किंचित तपकिरी, कडा बोटाने मिसळलेल्या. विसाव्या रांगेतून हाड दिसत होतं, रंग नाही. एक खोट होती. गाताना वरचा ओठ हलला की रंगवलेले दात दुमडायचे. दात ओठाच्या थोडे वर काढायचे असतात. पण हे मी सवयीने बघितलं, माझ्या आजूबाजूला कुणाला दिसलं नसणार.

आणि मग चाळीस मिनिटं काही नाही. या लाइनअपमधली मोठी चूक हीच. घोस्टने लोकांना मुठीत घेतलं आणि लगेच सभागृहातले दिवे लावून चार माणसं पुढच्या बँडच्या गिलोटिनचे, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्राचे, स्क्रू पिळायला लागली, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अरे, चाकांच्या पाटावर आधीच उभं करून मागच्या काळ्या पडद्याआड ठेवा ना! ज्या वस्तूने लोकांना घाबरवायचं ती त्यांना पान्यासकट दाखवता? माझ्या शेजारच्या रांगेतली काही मंडळी तेवढ्यात घरी गेली. त्यांचं चुकलंच.

कारण अ‍ॅलिस कूपर. हा माणूस या सगळ्यांचा वाडवडील. सापाला गळ्यात घालून गाणारा, रोज रात्री स्टेजवर मरणारा. कधी फास, कधी विजेची खुर्ची, आणि १९७३ च्या दौऱ्यापासून गिलोटिन. त्यावेळचा खेळ जेम्स रँडी या जादूगाराने बसवला, आणि जल्लादही तोच व्हायचा. खेळ म्हणजे खेळच असतो असंही नाही. १९८८ मध्ये फासाच्या तालमीत सुरक्षेची तार तुटली आणि कूपर थोडक्यात वाचला.

रंग म्हणाल तर चारांत सगळ्यात कमी. डोळ्यांभोवती काळं, त्यातून खाली ओघळणाऱ्या रेषा, संपलं. तरी शेवटच्या रांगेतून तोच चेहरा सगळ्यात आधी ओळखू येतो. गायक पन्नाशीचा असावा, आवाज घोगरा, वरच्या पट्टीत फाटत होता. चाललं. वेड्यांना घालतात तो बाह्या बांधलेला अंगरखा घालून तो एक अख्खं गाणं गायला, हात नाहीत, फक्त खांदे. नर्स झालेली बाई छान होती, घाई न करता क्रूर.

मग गिलोटिन. इथे बहुतेक जण घोळ घालतात. ड्रमचा रोल चालू असतानाच पातं सोडतात आणि पात्याचा आवाज त्यात बुडून जातो. यांनी रोल वाढवत नेला, तोडला, एक श्वास शांतता ठेवली. त्या शांततेत पातं. लगेच ब्लॅकआउट. माझ्या मागून कुणीतरी स्पष्ट "च्यायला!" म्हणालं. मला युक्ती कशी करतात ते साधारण ठाऊक आहे, तरी माझा हात आपोआप भाच्याच्या दंडावर गेला होता.

दिवे आले, जल्लादाने टोपलीतून केसांना धरून मुंडकं वर काढलं, आणि मी कपाळाला हात लावला. गायकाचा भांग मधोमध, मुंडक्याचा कडेला! वर गायकाच्या डोळ्यांखालच्या रेषा एव्हाना घामाने फाकलेल्या आणि मुंडक्यावर त्याच रेषा कोरड्या ठणठणीत, नुकत्या काढल्यासारख्या. विंगेत एक फवारा ठेवा. ग्लिसरीन आणि पाणी. टोपलीत ठेवण्याआधी दोन फवारे मारले की मुंडक्यालाही घाम येतो. आणि कंगवा तर कुणाच्याही खिशात असतो.

मेलेला गायक पांढरा सूट, पांढरी उंच टोपी घालून परत आला, सगळे त्याच्याबरोबर ओरडले, भाचाही. तिकिटाचे पैसे मला घोस्टमध्ये आणि त्या एका श्वासात वसूल झाले. कार्यक्रम पुन्हा लागलाच कुठे तर बाजूची रांग घ्या, मधली नको, समोर ध्वनिवाल्यांचा मचाण येतो.

बाहेर पडताना किसमधलं मांजर दाराशी लोकांबरोबर फोटो काढत उभं होतं, मिशा पार हनुवटीपर्यंत. मला राहवलं नाही. "पांढऱ्यावर पावडर लावत जा रे. भरपूर. ओल्या स्पंजाने दाबायची, मग काळा."

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

भाचा मला ओढून नेत होता. "मावशी आहे माझी," तो म्हणाला. मांजराने खिशातून फोन काढून लिहून घेतलं, आणि वर विचारलं, "ओल्याच स्पंजाने ना?"