एकच ओली भिंत, दोन अहवाल

जुनं घर घेण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. पण तपासणी करूनही माणूस फसतो, आणि एकाच भिंतीवरून दोनदा फसतो, हे खाली दिलेल्या प्रकरणात दिसेल.

घर घेणारं एक जोडपं. सौदा ठरत आला होता. तपासनीस कुठून आणायचा असा प्रश्न निघाला तेव्हा एजंट म्हणाला, "आमचा नेहमीचा माणूस आहे, उद्याच येईल." तो आला आणि पाऊण तासात तीन खोल्या, स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि गच्ची उरकून गेला. अहवाल मात्र चाळीस पानी, फोटो शंभरावर. बेडरूमच्या एका भिंतीपलीकडे बाथरूम होतं. तिच्याबद्दल सव्विसाव्या पानावर एवढंच: "ओलाव्याचे प्रमाण किंचित अधिक. लक्ष ठेवावे." घर ताब्यात आलं. दोन महिन्यांत त्याच भिंतीचा रंग फुगला, पोपडे सुटले, तळाशी पांढरा लोणा फुलला.

मग दुसरा तपासनीस बोलावला, 'मोफत तपासणी'ची जाहिरात बघून. त्याने त्याच भिंतीवर मीटर टेकवलं. लाल दिवा, कर्कश आवाज. थर्मल कॅमेऱ्यात अर्धी भिंत निळीशार. कोपऱ्यातल्या कॉलमवर रिबाउंड हॅमर (ठोका किती उसळतो त्यावरून काँक्रीटचा कडकपणा सांगणारं साधन) ठोकला आणि "काँक्रीट कमकुवत झालंय" असा निकाल जागीच दिला. संध्याकाळी कोटेशन आलं: चार भिंतींना इंजेक्शन ग्राउटिंग (भोकं पाडून आत भरणद्रव्य दाबणं), दोन्ही बाथरूम फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग, कॉलमला जॅकेटिंग (बाहेरून नवा मजबुतीचा थर). कोटेशन वेगळ्या नावाच्या कंपनीचं होतं, पण पत्ता तपासनिसाच्याच ऑफिसचा. आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर हे लक्षात आलं.

शेवटी दुरुस्तीशी काही देणंघेणं नसलेला तिसरा माणूस आला. दोष निघाला बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यात. चार फरशा काढून सांधा नवा केला, भिंत वाळू दिली, काम संपलं.

दोन्ही अहवालांत ओलाव्याबद्दल तसं धडधडीत खोटं एक अक्षर नव्हतं. ओलावा जास्त होताच, मीटर लाल झालंच होतं. पहिल्याला सौदा मोडायचा नव्हता, कारण पुढची कामं एजंटकडून यायची होती. दुसऱ्याला काम विकायचं होतं. म्हणून अहवाल हातात आला की आधी एकच बघायचं: दोष सापडला तर या माणसाचा फायदा, की न सापडला तर? दोन्हींपैकी काहीही असलं तरी अहवाल वाकणारच.

हे ओळखूनच या व्यवसायातल्या आचारसंहिता लिहिल्या गेल्या. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही संघटना १९७६ साली सुरू झाली. तिच्या संहितेत बंधनं स्पष्ट आहेत: तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती तपासणीनंतर एक वर्षापर्यंत पैसे घेऊन करायची नाही. फी किंवा पुढची कामं अहवालातल्या निष्कर्षावर किंवा सौदा होण्यावर अवलंबून ठेवायची नाहीत. शिफारस करावी म्हणून एजंटला सरळ किंवा आडमार्गाने काही द्यायचं नाही. ज्या मालमत्तेत स्वतःचा आर्थिक संबंध आहे ती तपासायची नाही. ग्राहकाच्या संमतीशिवाय एकाच तपासणीचे पैसे दोघांकडून घ्यायचे नाहीत, आणि निष्कर्ष तिसऱ्याला सांगायचे नाहीत. तपासनीस कुठल्याही संघटनेचा असो वा नसो, हीच कलमं त्याला लेखी विचारता येतात. प्रामाणिक माणूस दोन ओळींत उत्तर पाठवतो. "आमच्या क्षेत्रात असंच चालतं" असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. प्रमाणपत्राचा फोटो बघून भागत नाही. सभासद क्रमांक देणाऱ्या संस्थेकडेच तो चालू आहे का ते पडताळावं.

आता उपकरणांकडे वळू, कारण घाबरवण्याचं निम्मं काम तीच करतात.

पिनांचं मॉइश्चर मीटर दोन टोकांमधला विद्युतरोध मोजतं. त्यावरची टक्केवारी लाकडासाठी आखलेली असते. प्लास्टरवर तोच आकडा फक्त तुलनेपुरता. 'भिंतीत ३० टक्के पाणी' हे वाक्य कुणी उच्चारलं, तर एकतर त्याला उपकरण कळलेलं नाही किंवा तुम्हाला कळू द्यायचं नाही. त्यातून लोणा म्हणजे क्षार, आणि क्षारांमुळे वीज सहज वाहते. त्यामुळे बऱ्यापैकी वाळलेली, पण लोणा फुललेली भिंतसुद्धा मीटर लाल करते. बिनपिनाचं मीटर आत धातू आला की फसतं: कोपऱ्याच्या प्लास्टरमधली धातूची पट्टी, भिंतीतला पाइप, फॉइल असलेला वॉलपेपर. ज्याला लाल दिवा दाखवायचाच आहे त्याला मीटर कोपऱ्यावर टेकवलं की पुरतं.

यावर उपाय समोर उभं राहूनच करून घ्यायचा. आधी त्याच मीटरने घरातल्या निश्चित कोरड्या, आतल्या भिंतीचं वाचन घ्यायला लावा, तो तुलनेचा पाया. मग संशयित भिंतीवर पेन्सिलीने साधारण ३० सेंटिमीटरच्या चौकटी आखून प्रत्येक छेदावरचा आकडा लिहा. खरी गळती असेल तर आकडे एका दिशेने चढत जातात आणि उगमाकडे बोट दाखवतात. सगळीकडे सारखेच वाढलेले किंवा विस्कळीत आकडे असतील तर क्षार, धातू किंवा हवेतल्या वाफेचं पाणी यांचा विचार आधी करायचा. या प्रकरणात जोडप्याने तिसऱ्या तपासनिसाच्या वेळी हेच केलं. जमिनीपासून दोन चौकटींपर्यंत आकडे मोठे होते, तिसरीपासून कोरड्या भिंतीइतकेच. ज्या चार भिंतींना इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं, त्यांतल्या तीन भिंतींचे आकडे कोरड्या भिंतीच्या वाचनापेक्षा जास्त नव्हतेच.

थर्मल कॅमेरा पाणी बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान बघतो. ओली जागा बाष्पीभवनामुळे गार दिसते हे खरं, पण एसीच्या झोताखालची भिंत, भिंतीतला गार पाण्याचा पाइप, सावलीतला बीमही गार दिसतात. रंगांची पट्टी 'ऑटो'वर असली की कॅमेरा जेमतेम एका अंशाचा फरकही लाल ते निळा असा ताणून रंगवतो. फोटोच्या कडेला कमाल-किमान तापमान छापलेलं नसेल तर तो फोटो पुरावा म्हणून धरू नये. कॅमेऱ्यात गार दिसलेल्या जागी मीटरही टेकवलं पाहिजे, एकावर विसंबायचं नाही.

रिबाउंड हॅमरचा खेळ सगळ्यात वाईट, कारण 'कॉलम' हा शब्द ऐकला की माणसाची झोप उडते. हे साधन उघड्या काँक्रीटवर वापरायचं असतं. प्लास्टर काढून, जागा कार्बोरंडम दगडाने घासून, एकेका ठिकाणी अनेक ठोके घेऊन सरासरी काढायची, आणि ठोका आडवा, वरून की खालून दिला त्याची सुधारणा धरायची. प्लास्टरवर मारला तर आकडा कमी येणारच, मऊ थर ठोका खातो. उलट जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक झालेला असतो, तिथे तो आकडा फुगवतो. नीट केलं तरी बळाच्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. एका ठोक्यावर जॅकेटिंग सुचवणं म्हणजे नाडी न बघताच शस्त्रक्रिया. कॉलमबद्दल खरी शंका असेल तर कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) मोजणं, कार्बोनेशनची खोली, अल्ट्रासॉनिक चाचणी, गरज पडली तर कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला गोल नमुना) काढणं, आणि या सगळ्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. ग्राउटिंग विकणाऱ्या कंपनीची सही इथे चालत नाही.

बाथरूमची गळती शोधायचा क्रम ठरलेला आहे, आणि तो टाळून कुणी थेट फोडायला सांगत असेल तर कारण विचारा. आधी पुरवठ्याची लाइन: सगळे नळ बंद करून अर्धा-एक तास पाण्याचं मीटर फिरतंय का बघायचं. शक्य असेल तर लाइनला गेज लावून दाब उतरतो का तेही. मग फक्त निचरा: फरशी भिजू न देता नळीने पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडायचं, बादल्याच्या बादल्या, आणि पलीकडच्या भिंतीवरचे आकडे दर तासाला लिहायचे. शेवटी वॉटरप्रूफिंग: ट्रॅपला प्लग मारून फरशीवर २५ ते ५० मिलिमीटर पाणी २४ तास ठेवायचं, पातळीची खूण टेपने करायची. दोन चाचण्यांच्या मध्ये भिंत स्थिरावायला वेळ द्यायचा, नाहीतर आधीचं पाणी नंतरच्या चाचणीच्या नावावर जातं. या घरात पाण्याचं मीटर फिरलं नाही, ट्रॅपमध्ये पाणी सोडल्यावर तीन तासांत तळाचे आकडे चढले, आणि साचवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी खुणेपाशीच होतं. म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर शाबूत, सांधा गेलेला. दोन्ही बाथरूम फोडायचं कोटेशन याआधीच मंजूर झालं होतं, याचं वाईट वाटतं.

पहिल्यासारखा मऊ, म्हणजे दोष सौम्य करून सांगणारा अहवाल ओळखणं जास्त अवघड आहे, कारण त्यात भिववणारं काही नसतं. वाचताना क्रियापदांकडे बघा. 'लक्ष ठेवावे', 'योग्य वाटते', 'तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे' हे प्रत्येक पानावर असेल तर तपासनीस निर्णय टाळतोय. बऱ्या नोंदीत चार गोष्टी असतात: कुठे, काय दिसलं, त्याने काय होऊ शकतं, आणि पुढे काय करायचं व किती लवकर. तडा असेल तर रुंदी मिलिमीटरमध्ये, दिशा, आणि फोटोत बाजूला पट्टी. 'केसासारखी भेग' ही माहिती नाही. १ मिलिमीटरच्या आतल्या भेगा बहुधा रंगकामात भरून निघतात. ५ मिलिमीटरच्या पुढची, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मात्र पाया किंवा लिंटेलबद्दल (खिडकीवरच्या आडव्या तुळईबद्दल) प्रश्न विचारते. दोघींना एकाच ओळीत बसवणारा अहवाल एजंटसाठी लिहिलेला असतो. फोटो फक्त जवळून काढलेले असतील तर ते याच घराचे आहेत का याचीही खात्री नाही. आधी लांबून, मग जवळून, असे जोडीने हवेत.

विजेच्या पानावर बहुतेक वेळा 'सॉकेट तपासले, योग्य' एवढंच असतं. तीन दिव्यांचा छोटा टेस्टर लावून ते लिहिलेलं असतं. सॉकेटच्या आत कुणी न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून ठेवली असेल तर हा टेस्टर बिनदिक्कत 'ठीक' दाखवतो, आणि न्यूट्रल तुटली की उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरते. बोर्ड उघडून बघितला का, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) निदान टेस्ट बटणाने पाडून पाहिला का, हे अहवालात लिहिलेलं हवं. बघता आलं नाही तर तसं, कारणासकट. 'तपासले नाही' असं लिहिणं कमीपणाचं नाही. माळ्यावर चढायला जागा नव्हती, गच्चीचं दार कुलूपबंद होतं, वीज नव्हती, हे सगळं नोंदलं की घेणाऱ्याला पुन्हा बघायची मागणी करता येते.

करार तपासणीच्या आदल्या दिवशी मागून घ्या. दारात उभं राहून सही करू नका, त्या कागदात बरेचदा जबाबदारी फीच्या रकमेपुरती बांधलेली असते. करारात फी कोण देतोय, अहवाल कुणाच्या मालकीचा, तुमची माहिती दुरुस्तीवाल्यांना विकली जाणार का, ही वाक्यं शोधा. मोफत तपासणीत बहुधा हेच शेवटचं वाक्य तिची किंमत असते. वेळही विचारून ठेवा. मध्यम आकाराच्या घराला दोन-तीन तास लागतात, आणि तपासणीभर तुम्ही बरोबर राहणार हे आधीच सांगा. एजंट बरोबर असेल तर निष्कर्ष त्याच्यासमोर तोंडी बोलू नयेत असंही सांगा.

त्या जोडप्याचं पुढे काय झालं तेही उपयोगाचं आहे. पहिल्या तपासनिसाने फी परत द्यायची तयारी दाखवली, सोबत एक पानाचा कागद: 'यापुढे कुठलाही दावा राहणार नाही.' त्यांनी सही केली नाही, पण एक चूक आधीच झाली होती. करारात लिहिलं होतं की दोष आढळल्यास दुरुस्तीपूर्वी लेखी कळवून तपासनिसाला पाहायची संधी द्यावी. भिंतीचे फोटो त्यांच्याकडे होते, आकड्यांची चौकटही होती, पण सांधा बदलून फरशा बसवल्यानंतर पत्र गेलं. पत्र आधी गेलं असतं तर काढलेला ट्रॅप, त्याची तुटलेली कॉलर आणि तिसऱ्या तपासनिसाचं वाचन हे तिन्ही एकत्र मांडता आलं असतं. ट्रॅप तर राडारोड्याबरोबर गेला.