सीकेम प्राइम: नळाच्या पाण्यासाठी थेंबाथेंबाचा हिशेब

घरच्या माशांच्या दोन फुटी टाकीसाठी गेली काही वर्षे मी सीकेम कंपनीचे 'प्राइम' हे कंडिशनर, म्हणजे नळाचे पाणी माशांसाठी सुरक्षित करणारे औषध, वापरत आहे. त्याआधी सगळेच जण वापरतात ते हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, माझ्याकडे होते. नळाच्या पाण्यात केवळ मोकळा क्लोरिन असेल, तर हायपो स्वस्तात आणि क्षणात काम करतो. ते पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून 24 तास ठेवले, तरीही क्लोरिन उडून जातो. अडचण क्लोरामाइनची, म्हणजे क्लोरिन आणि अमोनिया यांच्या संयुगाची आहे. ते असे सहजासहजी उडत नाही, आणि हायपोने त्यातला क्लोरिन निकामी केला की अमोनिया मागे उरतो. पाण्याचा पीएच जितका जास्त, तितका हा अमोनिया माशांच्या कल्ल्यांना अधिक घातक ठरतो. प्राइम क्लोरिन व क्लोरामाइन दोन्ही हटवते आणि अमोनियाला काही काळ निरुपद्रवी रूपात बांधून ठेवते, असे कंपनी सांगते. तरीही त्या भरवशावर फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंची काळजी घेणे मी सोडलेले नाही.

मात्रेच्या बाबतीत मात्र दुकानदारांचे सल्ले ऐकावेत असे नसतात. मला एका दुकानात "बादलीला एक झाकण ओता" असे सांगण्यात आले होते. लेबलप्रमाणे एक झाकण, म्हणजे 5 मिलि, 200 लिटरसाठी असते. म्हणजेच 1 मिलि औषध 40 लिटर पाण्याला पुरते. माझी टाकी 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण 56 लिटर पाणी मावते, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केल्यास 48 लिटरच उरते. दर आठवड्याला मी त्यातले 12 लिटर बदलतो. बादलीतच औषध मिसळायचे असल्याने मला 0.3 मिलि लागते, आणि ते झाकणाच्या आट्यांवरून मोजणे अशक्य आहे. मेडिकलमधून आणलेली सुई काढलेली 1 मिलिची सिरिंज हाच त्यावरचा खात्रीचा उपाय ठरला. पाइपने थेट टाकीत पाणी सोडणाऱ्यांनी मात्र नव्या पाण्याचा नव्हे, तर संपूर्ण टाकीचा हिशेब धरावा. माझ्या टाकीला तेव्हा 1.2 मिलि लागेल.

किंमत पाहताना बाटलीवरचा आकडा फसवा असतो. टेट्रा कंपनीच्या अ‍ॅक्वासेफ या अशाच कंडिशनरच्या युरोपीय लेबलवर 10 लिटरला 5 मिलि अशी मात्रा आहे, त्यामुळे 100 मिलिची बाटली 200 लिटरमध्ये संपते. प्राइमची तेवढीच बाटली 4000 लिटरला पुरते. माझ्या वापरात ती सहा वर्षांहून अधिक काळ टिकेल, म्हणून घरगुती टाकीसाठी मोठी बाटली घेण्याचे कारण मला दिसत नाही.

बाटली उघडताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. पहिल्या वेळी माल खराब असावा असे वाटले होते. पण गंधकयुक्त संयुगांमुळे तो वास येणारच. बाल्कनीत मिसळावे, घरातल्यांची कुरबूर टळते. पावसाळ्यात नळाला क्लोरिनचा वास उग्र जाणवला, तर मी मात्रा दुप्पट करतो आणि एअर पंप चालू ठेवतो, कारण अशी औषधे अति झाल्यास पाण्यातला प्राणवायू कमी होऊ शकतो. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरिन घातलेला नसेल, तर हा खर्च करू नये. त्या पाण्याचा क्षार कोणतेही कंडिशनर उतरवत नाही.